पाठ वाचली असती तर!

माझा दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. सारा जन्म त्याने गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी म्हणून काढला. शिशाचे खिळे हाताळून हाताळून बोटे काळी झाली, पण जीभ मात्र पक्की गोडघाशी! आमच्या लहानपणी दिवाळीचा बोनस झाला की तो आम्हा भावंडांना चांदीच्या कागदातले एकेक चॉकलेट आणायचा. आणि माझे खाऊन झाले की स्वतःच्यातले अर्धे तोडून माझ्या हातावर ठेवायचा. अशा या माझ्या दादाला गेली वीस वर्षे मधुमेहाने गाठले आहे. फराळाच्या ताटातला बेसनाचा लाडू तो हातात घेतो, हुंगतो आणि निमूटपणे परत ठेवतो. बहिणीच्या डोळ्यांना ते पाहवत नाही.

म्हणून गेल्या भाऊबिजेला मी एक युक्ती केली. बाजारात एका मोठ्या दुकानात चॉकलेटची पेटी दिसली. वर सोनेरी अक्षरांत ‘शुगर फ्री’ असे लिहिलेले. किंमत साध्या पेटीच्या दुपटीहून अधिक. पण भावाच्या तोंडी गोड पडणार असेल तर पैशाकडे कोण पाहतो? मी ती घेतली, रंगीत कागदात बांधली, आणि ठाण्याहून डोंबिवलीला दादाकडे गेले.

ओवाळून झाल्यावर पेटी त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट केली. हल्ली त्याला बारीक अक्षर दिसत नाही.

“अगं, हे मला चालतं ना?”

“अरे, साखरच नाही त्यात! खा पोटभर.”

हे माझेच शब्द. वहिनींनी “दोनच हं” म्हणून बजावले होते; पण वीस वर्षांचा उपाशी माणूस तो, आणि त्यात लाडक्या बहिणीने दिलेली मुभा! त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून त्याने जवळजवळ सारी पेटी संपवली. दुसऱ्या रात्री पोटात कळ आली, जुलाब सुरू झाले. पहाटे तिसऱ्यांदा उठला तो घेरी येऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडला. कपाळाला तीन टाके पडले. सकाळी रक्तातली साखर पाहिली तर २८० च्या वर!

डॉक्टर जुने, घरोब्याचे. ते रागावले नाहीत. “ती पेटी आणा पाहू,” एवढेच म्हणाले. पेटीची पुढची बाजू त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. थेट पाठ वर केली, आणि वाचून ती माझ्यापुढे धरली.

“ताई, हे खोटं लिहिलेलं नाही हो. साखर यात खरंच नाही. पण साखर नाही तर मग काय आहे, ते मागे लिहिलंय. आणि अति खाल्लं तर जुलाब होतील, हेही लिहिलंय. हे बघा.”

खरोखरच लिहिले होते. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत, चुणीच्या आत. मी पदवीधर बाई. सिनेमाची जाहिरात असो की साडीचा सेल, अक्षर न् अक्षर वाचते. आणि भावाच्या पोटात जाणाऱ्या वस्तूची पाठ मात्र मी उलटून पाहिली नव्हती!

दादा मला काही बोलला नाही. आठ दिवसांनी भेटायला गेले तेव्हा त्याने उशाखालून एक जुने पितळी कड्याचे भिंग काढले. छापखान्यात खिळे तपासायला तो हेच वापरायचा. “घे,” म्हणाला, “ही तुझी राहिलेली ओवाळणी. तू दिलंस म्हणून मी निर्धास्त खाल्लं गं. आता तू तरी वाचत जा.”

तेव्हापासून ते भिंग माझ्या पिशवीत असते. वर्षभर मी चॉकलेटच्या पाकिटांच्या पाठी वाचते आहे. माझी एक भाची अन्नतंत्रज्ञान शिकलेली आहे. अडले की तिला विचारते. जे समजले ते या दिवाळीत तुमच्यापुढे ठेवते, कारण तुमच्याही घरात एखादा दादा असेल.

पुढे दुकानदार, मागे साक्षीदार

पहिली गोष्ट मी शिकले ती ही, की पाकिटाची पुढची बाजू दुकानदाराची आणि मागची कायद्याची. पुढे दुधाचे पेले ओतलेले असतात, बदाम उड्या मारीत असतात. मागे मात्र कोर्टातल्या साक्षीदारासारखे विचारले तेवढेच, पण नेमके सांगावे लागते.

ही शिस्त काही आपोआप आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये डॉ. आर्थर हॅसॉल यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रासाठी बाजारातले पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा कोकोच्या कित्येक नमुन्यांत पीठ आणि विटेसारखी लाल माती आढळली. त्या बोभाट्यातून तिकडे १८६० साली भेसळीविरुद्ध कायदा झाला. आपल्याकडे अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्याची जागा पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली. आणि आज पाकिटाच्या पाठीवर जे दिसते, ते बहुतेक या कायद्याखाली २०२० साली झालेल्या नियमांप्रमाणे.

एक गाऱ्हाणे मात्र इथेच नोंदवते. नियमाप्रमाणे हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. मराठीत छापायला बंदी नाही, पण सक्तीही नाही. चाळीस वर्षे मराठी अक्षर जुळवलेल्या माझ्या दादाला स्वतःच्या भाषेत एक इशारा वाचायला मिळत नाही, याला काय म्हणावे?

लग्नपत्रिका आणि घटकांची यादी

पाठीवर पहिल्यांदा शोधायची ती घटकांची यादी. तिच्यात नावे कशीही लिहिलेली नसतात. करताना ज्याचे वजन सर्वांत जास्त, त्याचे नाव पहिले. मग उतरत्या क्रमाने पुढची. लग्नपत्रिकेत जसे मानाप्रमाणे आजोबांचे नाव आधी आणि चिमुकल्यांची किलबिल शेवटी, तसेच हे. फरक इतकाच, की इथे मान वजनाला.

भिंग लावून मी पहिल्या दिवशी वाण्याकडे सात-आठ पाकिटे पाहिली. ज्याला आपण दुधाचे चॉकलेट म्हणतो, त्याच्या यादीत बहुतेक ठिकाणी पहिले नाव कोकोचे नव्हते, दुधाचेही नव्हते. साखरेचे होते! वजनाने साधारण निम्मी साखर असलेल्या वस्तूला आपण चॉकलेट म्हणतो, आणि पोराला ‘दूध पोटात जातं’ म्हणून कौतुकाने देतो.

त्यातही साखर टोपणनावांनी वावरते. ग्लुकोज सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप ही सगळी तिचीच भावंडे. आणि माल्टोडेक्स्ट्रिन हा पिष्टाचा प्रकार गोड लागत नसला तरी रक्तात शिरताच साखरेसारखाच वागतो. तीन-चार नावांत वाटणी झाली की एकेकाचे वजन कमी भरते आणि यादीत प्रत्येकाला खालची जागा मिळते. म्हणून एकच नाव पाहू नये. सगळ्या भावंडांची बेरीज मनात करावी. गूळ, मध, खजूर घातलेली ‘नैसर्गिक’ चॉकलेटे हल्ली पुष्कळ निघाली आहेत. गूळ आपल्या घरचा, म्हणून तो मधुमेह्याला चालतो अशी समजूत मी चांगल्या शिकलेल्या घरांत पाहिली. रक्ताला गुळाचे आणि साखरेचे सोयरसुतक सारखेच.

‘शुगर फ्री’ म्हणजे काय, आणि काय नव्हे

आता माझ्या पेटीकडे वळते. शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर नसेल, तर आपल्या नियमांप्रमाणे ‘शुगर फ्री’ लिहिता येते. तेव्हा पेटीवरचा शब्द खरा होता. पण चॉकलेटमधून निम्मे वजन काढून घेतले तर त्या जागी काहीतरी भरावे लागणारच! तिथे भरले होते माल्टिटॉल. यादीत त्याचा क्रमांक ९६५.

माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, झायलिटॉल या मंडळींना पॉलिऑल म्हणतात. माल्टिटॉल गोडीला साखरेच्या जवळपास, आणि कॅलरी साखरेच्या साधारण निम्म्या. मात्र ‘निम्म्या’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे. त्याचा काही भाग आतड्यातून शोषला जातो आणि रक्तातली साखर चढवतो. साखरेइतकी नाही, पण चढवतो. उरलेला भाग मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे पाणी ओढतो, आंबतो, आणि पोटाची दाणादाण उडवतो. म्हणूनच ज्या पदार्थात दहा टक्के किंवा त्याहून जास्त पॉलिऑल असतील, त्यावर ‘जुलाब होऊ शकतात’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. दादाच्या पोटात दोन दिवसांत चांगले मूठभर माल्टिटॉल गेले. एखाददुसऱ्या तुकड्याने बहुधा काहीच झाले नसते.

आणखी एक गंमत. अशा चॉकलेटच्या शंभर ग्रॅमला ४८० च्या आसपास कॅलरी असतात. साध्या दुधाच्या चॉकलेटला ५३० च्या आसपास. फरक फार थोडा, कारण चरबी तशीच राहते, आणि एका ग्रॅम चरबीच्या कॅलरी ९, तर साखरेच्या ४. म्हणजे वजन उतरवण्यासाठी ‘शुगर फ्री’ खाणाऱ्यांची निव्वळ फसगत!

‘नो ॲडेड शुगर’ हे आणखी वेगळे. म्हणजे वरून साखर घातली नाही. पण दुधाची स्वतःची साखर आत असतेच. म्हणून मधुमेह्याच्या घरी पुढचा शब्द वाचायचाच नाही. मागच्या तक्त्यात ‘कार्बोहायड्रेट’ची ओळ पाहायची, आणि तो आकडा घेऊन आपल्या डॉक्टरांना विचारायचे.

तक्त्यातला हिशेब

पाठीवर दुसरा असतो तो पोषणाचा तक्ता. त्यात आकडे शंभर ग्रॅमचे असतात, आणि शेजारी एका ‘सर्व्हिंग’चे टक्के. गृहिणीने शंभर ग्रॅमचाच रकाना पाहावा. कारण ‘सर्व्हिंग’ म्हणजे किती, ते कंपनी ठरवते! दहा-बारा ग्रॅमचा तुकडा धरला की साखरेचे टक्के कसे गरीब गाईसारखे दिसतात. पण चाळीस ग्रॅमची वडी फोडून दहा ग्रॅम खाणारा आणि उरलेले फडताळात ठेवणारा संयमी पुरुष मला अजून भेटायचा आहे.

हिशेब सोपा आहे. शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅम साखर, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या वडीत वीस ग्रॅम. म्हणजे चहाचे चार चमचे. नातवाच्या हातावर चार चमचे साखर ठेवून ‘खा बाळा’ म्हणायचे धाडस आपण करू का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की अशी साखर रोजच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगले. मोठ्या माणसाला पाच टक्के म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅम.

ते टक्केही कुणाचे, हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडच्या तक्त्यात दिवसाला २००० कॅलरी आणि ५० ग्रॅम वरची साखर हे माप धरलेले असते. म्हणजे मोठ्या माणसाचे माप. बालवाडीतल्या पोराला तेच टक्के लावणे म्हणजे त्याला आजोबांचा कोट घालण्यासारखे.

अमेरिकेहून लेकी-जावई चॉकलेटे घेऊन येतात, त्यांच्यावर शंभर ग्रॅमचा रकाना बहुधा नसतोच; सगळे एका ‘सर्व्हिंग’चे. तिथे वर बारीक अक्षरांत सर्व्हिंग किती ग्रॅमचे आणि पाकिटात किती, तेवढे आधी पाहावे आणि गुणाकार करावा.

लोणी कोणाचे?

आमच्या इमारतीतल्या चार जणी दिवाळीला घरी चॉकलेट करतात. क्रॉफर्ड मार्केटातून मोठी लादी आणायची, वितळवायची, साच्यांत ओतायची, चमकत्या कागदात गुंडाळायची. मीही करीत असे. भिंगातून त्या लादीची पाठ वाचली तर तिच्यावर नुसते ‘चॉकलेट’ असे कुठेच नव्हते, ‘कंपाउंड’ होते.

खऱ्या चॉकलेटमध्ये चरबी असते ती प्रामुख्याने कोकोच्या बियांचीच. तिला कोको बटर म्हणतात. ती सुमारे ३४ अंशांवर वितळते. म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या किंचित खाली. म्हणून खरे चॉकलेट जिभेवर ठेवले की विरघळते, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात पाकिटातच विरघळते! ही चरबी महाग. कंपाउंडमध्ये तिच्या जागी स्वस्त वनस्पती तेल असते, बहुधा पामच्या बियांचे आणि घट्ट केलेले, आणि त्यात कोकोची पूड. काम सोपे, लवकर आळते, उन्हात टिकते. पण टाळूला मेणासारखा थर बसतो. हे काही विष नव्हे. फक्त त्याला त्याच्या नावाने ओळखावे, आणि चॉकलेटच्या भावाने घेऊ नये. यादीत ‘कोको बटर’ आहे की ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’, एवढे पाहिले की उलगडा होतो. युरोपात खऱ्या चॉकलेटमध्येही परक्या वनस्पती चरबीला फक्त पाच टक्क्यांपर्यंत मुभा आहे, आणि तसे पाकिटावर सांगावे लागते.

घट्ट केलेल्या तेलात पूर्वी ट्रान्स फॅटची धास्ती मोठी होती. ही चरबी हृदयाची शत्रू. आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून तेलातुपांत आणि त्यांच्या पदार्थांत तिची मर्यादा चरबीच्या दोन टक्क्यांवर आणली, ही एक चांगली गोष्ट झाली. ‘सॅच्युरेटेड फॅट’ची ओळ मात्र अजूनही वाचायला हवी, दिवसाचे माप २२ ग्रॅम.

पाकिटावर ‘७० टक्के कोको’ असते त्याचा अर्थही पुष्कळांना ठाऊक नसतो. कोकोची पूड आणि कोकोची चरबी मिळून सत्तर. उरलेले तीस बहुतेक साखर. नुसता ‘डार्क’ हा शब्द रंग सांगतो, टक्का सांगत नाही. आणि पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोची पूड मुळीच नसते. चरबी, दूध आणि साखर, एवढाच संसार.

आकड्यांची भुते आणि हिरवा ठिपका

दर दिवाळीला मोबाइलवर एक निरोप फिरतो. अमुक आकडा असलेल्या चॉकलेटमध्ये प्राण्याची चरबी असते, पुढच्या दहा जणांना कळवा! आमच्या सोसायटीतल्या एका सात्त्विक आजीबाईंनी त्या भीतीने नातवाच्या हातचे चॉकलेट कचऱ्यात टाकले. भिंग लावून पाहिले तर आकडा ४७६. भाचीला विचारले, तर ती हसतच सुटली. हा पदार्थ होतो ग्लिसरीन आणि एरंडेलापासून! चॉकलेट साच्यात नीट वाहावे म्हणून चिमूटभर घालतात. लहानपणी नाक दाबून प्यालेले एरंडेल म्हातारपणी असे चोरपावलांनी पोटात जाईल, हे कुणाला वाटले होते? ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचे. ९०४ म्हणजे लाख. चॉकलेटच्या गोळ्यांवर जी चकाकी असते ती तिची. १२० मात्र एका किड्यापासून काढलेला लाल रंग.

शाकाहारी घरांनी आकड्यांच्या मागे लागण्यापेक्षा ठिपका पाहावा. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी ठिपका असे. रंग न ओळखणाऱ्यांची पंचाईत होई, म्हणून २०२० च्या नियमांनी तिथे तपकिरी त्रिकोण आणला. परदेशातून बॅगेतून आलेल्या चॉकलेटवर यातले काहीच नसते. तिथे यादीत जिलेटिन किंवा मद्याचा अर्क आहे का, ते आपणच वाचावे.

यादीच्या खाली आणखी एक ओळ असते. ‘कंटेन्स’ म्हणजे यात हे आहे. ‘मे कंटेन’ म्हणजे त्याच यंत्रावर दुसरा माल होतो, तेव्हा अंश असू शकेल. दूध, गहू, सोया, शेंगदाणे, काजू-बदाम यांची ॲलर्जी असणाऱ्या मुलाच्या आईला ही ओळ म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. भाऊबिजेला कुणाच्या मुलांना चॉकलेट नेणार असाल, तर आधी त्या आईला विचारा. यात संकोच कसला?

हृदयाला हितकारक?

‘डार्क चॉकलेट हृदयाला चांगले’ हे वाक्य आता म्हणीसारखे रुळले आहे. त्यात तथ्य किती? कोकोत फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्ये असतात, आणि ती रक्तवाहिन्या लवचीक ठेवायला मदत करतात असे दिसले आहे. पण चॉकलेट करताना ती पुष्कळशी नाहीशी होतात. कडवटपणा जावा म्हणून कोकोवर क्षाराची प्रक्रिया केली तर आणखीच. पाकिटावरचा टक्का कोकोचा असतो, फ्लॅव्हनॉलचा नव्हे.

अमेरिकेत एकवीस हजारांहून अधिक वयस्क माणसांवर मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०२२ साली आला. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण झटका, पक्षाघात वगैरे सगळ्या विकारांची एकत्र गोळाबेरीज केली तर फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही. आणि या लोकांना चॉकलेट दिलेच नव्हते. कोकोच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या! फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने फ्लॅव्हनॉल भरपूर असलेल्या कोकोच्या पुडीपुरता सावध शब्दांत दावा करू दिला, आणि साधी कोको पूड किंवा चॉकलेट यांना तो लागू नाही, हेही स्पष्ट केले. तेव्हा चॉकलेट आवडते म्हणून खावे. औषध म्हणून खाऊ नये.

दुधात घालायच्या चॉकलेटी पुडीचेही तसेच. वर्षानुवर्षे आपण तिला ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणत आलो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने इंटरनेटवरच्या दुकानांना कळवले, की अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढा. कारण कायद्यात अशी व्याख्याच नाही. त्या डब्याची पाठही एकदा वाचा. साखर यादीत कितव्या जागी आहे, ते पाहिले की पुरे.

आणि पाठ तरी सगळे सांगते का? नाही. २०२२ साली अमेरिकेतल्या ग्राहकांच्या एका मासिकाने २८ डार्क चॉकलेटे तपासली. सगळ्यांत शिसे आणि कॅडमियम थोडेबहुत सापडले. कॅडमियम झाडाच्या मुळांतून येते. शिसे बहुधा बिया उन्हात वाळवताना धुळीतून. पाकिटावर याचा उल्लेख नसतो. घाबरून जायचे कारण नाही, पण ‘आरोग्यासाठी’ म्हणून लहान मुलांना किंवा गरोदर बाईला रोज डार्क चॉकलेट चारणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा.

चिली देशात २०१६ पासून साखर किंवा चरबी जास्त असलेल्या वस्तूच्या पुढच्याच बाजूवर काळा अष्टकोनी शिक्का मारतात. पाकीट उलटायला नको, भिंगही नको! आपल्याकडे असे काही सोपे, ठळक आणि मराठीत छापलेले पाहायला मिळावे, एवढीच माझी दिवाळीची मागणी आहे. तोवर आपणच उलटून वाचायचे.

यंदाची भाऊबीज

यंदा मी दादाकडे काय नेणार, ते ठरले आहे. डॉक्टरांना आधीच विचारून घेतले. ७० टक्के कोकोची साधी वडी. यादीत पहिले नाव कोकोचे, चरबी कोकोचीच, शंभर ग्रॅमला तीस ग्रॅमच्या आत साखर. तिच्यातला एक तुकडा पाच ग्रॅमचा, म्हणजे साखर दीड ग्रॅम. जेवणानंतर एक. सोनेरी अक्षरे नाहीत, पेटी नाही, आणि ‘खा पोटभर’ तर मुळीच नाही.

काल फोनवर दादाला हे सगळे सांगितले. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, “एकच तुकडा ना? मग अर्धा तुझा. पूर्वीसारखा.”

मला पुढे बोलवेना. तो मात्र हसत होता.

“आणि हे बघ, येताना भिंग आण. तू वाचलंयस, ठीक आहे. पण प्रूफ दोनदा तपासायचं असतं.”